बॅकअप कुणी घेतला?

मागच्या आठवड्यात ऑफिसात एक जुना सर्व्हर बसला. बॅकअप आहे असं प्रत्येकाला वाटत होतं, घेतला मात्र कुणीच नव्हता. असो. शनिवारी ते विसरायला इतिहास वाचत बसलो, तर तिथेही तीच कथा!

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत महिला वैमानिकांचं एक दल होतं, 'वास्प'. पंचवीस हजारांवर अर्ज आले, त्यातून १,०७४ जणी प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडल्या. कारखान्यातून निघालेली विमानं तळावर पोचवायची, दुरुस्त झालेली उडवून बघायची, आणि विमानामागे कापडी निशाण बांधून फिरायचं, खालून शिकाऊ तोफची खरा दारूगोळा झाडणार! ३८ जणी गेल्या. पण सरकारदरबारी त्या 'नागरी कर्मचारी'. त्यामुळे शवपेटीवर लष्करी मानाचा झेंडा नाही, अंत्यसंस्काराचा खर्चही नाही. मैत्रिणी वर्गणी काढून मृतदेह घरी पाठवायच्या. डिसेंबर १९४४ मध्ये दल बरखास्त झालं, कागदपत्रं सीलबंद.

मग सत्तरच्या दशकात हवाई दलाने जाहीर केलं, की आता प्रथमच स्त्रिया लष्करी विमानं उडवणार. प्रथमच? या बायका भडकल्या नसत्या तरच नवल. सरकारी फायली बंद होत्या, पण घरच्या पेट्यांत लॉगबुकं होती, पत्रं होती. एकीच्या सेवामुक्तीच्या प्रमाणपत्रावर तर सैनिकांना देतात तोच मजकूर होता. ते संसदेच्या समितीपुढे आलं. १९७७ साली त्यांना माजी सैनिकांचा दर्जा मिळाला.

तरी पुन्हा तेच. एलेन हार्मन २०१५ मध्ये वारल्या. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत आपल्या अस्थी ठेवाव्यात, असं त्यांनी पत्र लिहून ठेवलं होतं. लष्कर म्हणालं, बसत नाही. लेक आणि नाती लढल्या, २०१६ मध्ये कायदा बदलला.

आज त्या जवळजवळ सगळ्याच गेल्या आहेत. डेंटनच्या टेक्सस वुमन्स युनिव्हर्सिटीत त्यांची कागदपत्रं आणि ध्वनिमुद्रित मुलाखती आहेत. वेळेवर कुणीतरी टेपरेकॉर्डर घेऊन गेलं म्हणून. कागदावरून एखादीने किती तास विमान उडवलं ते कळतं. खालून गोळे येत असताना पोटात काय होत होतं, ते तिलाच विचारावं लागतं.

माझी मावशीआजी १९६५ च्या युद्धात लष्करी इस्पितळात नर्स होती. काल तिला फोन केला. म्हटलं, "तुझे तेव्हाचे कागद टाकले नाहीस ना?"

"ट्रंकेत आहेत की. कुणी विचारलं तर ना!"

उद्या सकाळच्या गाडीने निघतोय. रेकॉर्डर चार्जिंगला लावलाय.