तळटीप ७ : ओरत्तनाडूचे छत्र आणि मुलांची पुस्तके

७. ओरत्तनाडु : तंजावरच्या दक्षिणेस, पट्टुकोट्टईच्या वाटेवरचे गाव. दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८–१८३२) आपली प्रेयसी मुक्तांबा हिच्या नावाने बांधलेले मुक्तांबाळ छत्र इथलेच. रामेश्वराच्या वाटसरूंना तिथे अन्न व निवारा मिळे, मुलांच्या शिक्षणाचीही सोय होती. मूळ मजकुरात लेखकाने ‘धर्मशाळा’ एवढेच म्हटले आहे. ते फार अपुरे आहे.

याच राजाच्या तंजावरातील देवनागरी छापखान्यातून १८०६ साली सख्खण पंडितांची ‘बालबोध मुक्तावली’ निघाली. ही मराठीतली इसापनीती. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची मुंबईची इसापनीती १८२८ ची, म्हणजे दोन दशकांनंतरची. तरीही मराठी बालसाहित्याचा इतिहास पुष्कळदा मुंबई-पुण्यापासूनच सांगितला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तेव्हा मुलांनी काय वाचावे हे दरबार ठरवी. आज साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार (२०१० पासून) परीक्षक ठरवतात. पहिल्या वर्षी मराठीचा मान अनिल अवचट यांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ला मिळाला. परीक्षक मात्र सगळे मोठी माणसे. शैली, आशय, संस्कार हे सारे ते नीट पारखतात. पण पुस्तक संपल्यावर मूल ते पुन्हा उघडते का, हे कळायला वर्गात, वाचनालयात मुलांसमोर बसून वाचावे लागते. निवडीच्या वेळी दहा-बारा वर्षांच्या वाचकांची लेखी मते परीक्षकांच्या हाती असावीत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. — संपादक