शिंग, ओकची पानं आणि एक डोंगरी फूल

आज आपण सैनिकाच्या टोपीवरच्या आणि बाहीवरच्या तीन छोट्या खुणांबद्दल बोलणार आहोत: शिकारीचं शिंग, ओकची पानं आणि एडलवाइस नावाचं डोंगरी फूल. तिन्ही जर्मन हलक्या पायदळाच्या. विषय फौजेचा आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा मास्तर, हे जरा विचित्र वाटेल. पण या खुणांच्या मागे एक नैतिक प्रश्न उभा आहे, म्हणून मी हा विषय घेतला.

हलक्या पायदळाच्या शिपायाला जर्मनमध्ये ‘येगर’ म्हणतात. येगर म्हणजे शिकारी. अठराव्या शतकातलं नेहमीचं पायदळ कसं लढायचं? खांद्याला खांदा लावून रांगेत उभं राहायचं आणि हुकूम झाला की सगळ्यांनी एकदम बार काढायचा. बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे लांबचा नेम लागणं कठीणच. शिपायाने स्वतः विचार करावा अशी अपेक्षाच नव्हती.

येगरचं बरोबर उलटं. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने १७४४ मध्ये पायी येगरांची तुकडी उभी केली, ती वनरक्षकांच्या आणि शिकाऱ्यांच्या मुलांमधून. त्यांच्याकडे आतून पीळ असलेल्या नळीची रायफल असे. भरायला वेळ लागायचा, पण नेम अचूक. हा माणूस झाडाआड एकटा थांबणार, गोळी कधी झाडायची आणि मागे कधी सरकायचं हे स्वतः ठरवणार. चाकरी नीट केली तर पुढे जंगलखात्यात नोकरीचा हक्क. अंगातला हिरवा कोटसुद्धा वनरक्षकाचाच. थोडक्यात काय, राजाने इथे शिपायाच्या स्वतंत्र बुद्धीवर भरवसा टाकला होता.

आता शिंग कुठून आलं बघा. ढोलाच्या तालावर रांग चालते. रानात पांगलेल्या माणसांना हाक मारायला शिकारीचं शिंगच हवं. हॅनोवरच्या येगरांचं शिंग अर्धचंद्राच्या आकाराचं होतं, आणि त्याला ‘हाल्बमोंड’, म्हणजे अर्धचंद्र, असंच म्हणत. पुढे इंग्रजांच्या हलक्या पायदळाने बिगुल उचलला, त्याचं मूळ या शिंगात आहे. तिथून ही खूण इंग्रजांच्या मुंबई फौजेत आली. आज बेळगावला केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या चिन्हातही बिगुल आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबांची जुनी टोपी असेल, तर जरूर बघा.

दुसरी खूण ओकच्या पानांची. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, जर्मन येगर डिव्हिजनांच्या सैनिकांना बाहीवर आणि टोपीवर ती मिळाली. तिसरी खूण डोंगरी येगरांची. ऑस्ट्रियाच्या सम्राटाने १९०७ मध्ये आपल्या पहाडी सैनिकांना एडलवाइस दिलं होतं. १९१५ मध्ये जर्मन ‘आल्पेनकोर’ टायरॉलच्या रक्षणाला धावून गेलं, तेव्हा ऑस्ट्रियन सैनिकांनी कृतज्ञतेने हे फूल त्यांना दिलं. १९३९ पासून ते जर्मन पहाडी सैन्याचं अधिकृत चिन्ह झालं.

इथपर्यंत गोष्ट कशी गोड वाटते. जंगल, पानं, फूल! आता पुढचं ऐका.

१६ ऑगस्ट १९४३. ग्रीसमधलं कोमेनो नावाचं गाव. पहिल्या पहाडी डिव्हिजनच्या सैनिकांनी तिथे ३१७ गावकऱ्यांना ठार मारलं. त्यात बायका होत्या, लहान मुलं होती. पुढच्याच महिन्यात केफालोनिया बेटावर याच डिव्हिजनच्या लोकांनी शरण आलेल्या इटालियन सैनिकांना मोठ्या संख्येने गोळ्या घातल्या. या कोरचा सेनापती हुबर्ट लान्झ याला १९४८ मध्ये न्यूरेंबर्गला १२ वर्षांची शिक्षा झाली. तीही त्याने पुरी भोगली नाही. मारणाऱ्यांच्या टोपीवर काय होतं? एडलवाइस.

आणि त्याच काळात कलोन शहरात काही पोरं हेच फूल कपड्यांवर लावून फिरत होती. हिटलरच्या युवक संघटनेत जायला त्यांचा नकार होता. त्यांना ‘एडलवाइस पायरेट्स’ म्हणत. १० नोव्हेंबर १९४४ ला कलोनच्या एरेनफेल्ड भागात गेस्टापोने १३ जणांना खटल्याशिवाय भर रस्त्यात फासावर दिलं. त्यांतली काही या गटातली मुलं होती. बार्थेल शिंक त्यांतला एक, वय वर्षं १६.

म्हणजे फूल एकच, मारणाऱ्याच्या टोपीवरही आणि फासावर गेलेल्या पोराच्या अंगावरही. चिन्हात जन्मजात पुण्य नसतं आणि पापही नसतं. पण एवढं म्हणून सुटका होत नाही. ज्या फ्रेडरिकने येगर उभे केले, त्याच्याच राज्यात १७८४ मध्ये कांटने एक निबंध लिहिला. माणसाने स्वतःची बुद्धी वापरण्याचं धैर्य करावं, हे त्याचं सार. येगरला नेमकी तीच बुद्धी वापरायला शिकवलं होतं, पण फक्त झाड निवडायला आणि नेम धरायला. समोर कोण आहे आणि त्याला मारावं का, हे विचारायला नाही. गोळी *कशी* मारायची हे ठरवणाऱ्या माणसाने ती *का* मारायची हे ठरवणं दुसऱ्यावर सोपवलं. कोमेनो तिथून सुरू होतं.

जर्मन सैन्यात आजही येगरांच्या हिरव्या टोपीवर ओकची पानं आहेत, आणि पहाडी सैनिकांच्या टोपीवर एडलवाइस. खूण ठेवावी की काढून टाकावी, यावर मतं असू शकतात. माझं एवढंच म्हणणं आहे, की जो ती लावतो त्याला फ्रेडरिकच्या शिकाऱ्यांसोबत कोमेनोचीही गोष्ट सांगितली पाहिजे. आणि आपल्या अभिमानाच्या खुणा आपण पुढच्या पिढीच्या हाती देतो, तेव्हा त्यांची किती गोष्ट सांगतो?

इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.