जुन्या पिस्तुलात काय महत्त्वाचं: हलका ट्रिगर की पक्की सेफ्टी?

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या मुंबईतल्या घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्या पायात घुसली. रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून पडलं, असं त्यांच्या व्यवस्थापकाने सांगितलं होतं. तेव्हा अनेकांना प्रश्न पडला: ट्रिगर न दाबताच गोळी कशी सुटते?

जुन्या शस्त्रांत हे घडू शकतं. ते टाळण्यासाठी पिस्तुलांत जी सोय केली गेली, तिच्याबद्दलच नेमबाजांची जुनी तक्रार आहे: ‘सेफ्टी आली आणि ट्रिगर बिघडला.’

आत नेमकं काय होतं?

ट्रिगर म्हणजेच चाप ओढला की हॅमर सुटतो. तो फायरिंग पिनवर आदळतो आणि पिन काडतुसाच्या बुडावर ठोका देते. अनेक जुन्या पिस्तुलांत ही पिन फक्त एका स्प्रिंगच्या जोरावर मागे राहते. पिस्तूल नळीच्या टोकावर जोरात पडलं, तर झटक्याने पिन पुढे सरकून ठोका बसू शकतो.

कोल्ट १९११ चं उदाहरण

जॉन ब्राउनिंग यांनी घडवलेल्या या पिस्तुलात दोन सेफ्टी होत्या. एक अंगठ्याने लावायची आणि दुसरी मुठीत दाबली की सुटणारी. पण पिन अडवणारा भाग मूळ रचनेत नव्हता. कोल्ट कंपनीने १९८३ मध्ये ‘सिरीज ८०’ मध्ये तो दिला. ट्रिगर पूर्ण ओढल्याशिवाय पिन मोकळी होत नाही, त्यामुळे पडून गोळी सुटण्याचा धोका खूप कमी झाला.

मात्र पिन मोकळी करणाऱ्या छोट्या पट्ट्या ट्रिगरला जोडलेल्या असतात. बोटाला त्यांचं घर्षण जाणवतं, आणि ट्रिगर पूर्वीसारखा साफ राहिला नाही अशी तक्रार सुरू झाली. यावर तोडगाही होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस कोल्टनेच पिनचा अडसर मुठीच्या सेफ्टीला जोडून पाहिला होता. त्यात ट्रिगरवर भार येत नाही.

भारतातलं पिस्तूल

आपल्या लष्कराने आणि पोलिसांनी वर्षानुवर्षं वापरलेलं ‘पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए’ पश्चिम बंगालमधल्या ईशापूर रायफल फॅक्टरीत बनतं. त्याची रचना १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरवर आधारलेली आहे. या रचनेत मॅगझिन काढलं की ट्रिगर चालत नाही. ‘मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं’ या गैरसमजातून होणारे अपघात त्यामुळे टळतात, कारण एक गोळी चेंबरमध्ये राहिलेली असू शकते.

पण ट्रिगर ओढताना या सेफ्टीचा खटका मॅगझिनच्या पुढच्या बाजूवर घासतो आणि ट्रिगर करकरल्यासारखा वाटतो. म्हणून परदेशात अनेकांनी हा भाग काढूनच टाकला.

हलका ट्रिगर म्हणजे चांगला ट्रिगर?

स्पर्धेत त्याचा फायदा नक्की होतो. जड किंवा अडखळणारा ट्रिगर ओढताना नेम हलतो. तरीही तिथे मर्यादा आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं त्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात ट्रिगरला किमान १,००० ग्रॅम वजन पेलावं लागतं. १० मीटर एअर पिस्तुलात ही मर्यादा ५०० ग्रॅम आहे.

शिवाय रेंजवर सांगितल्याशिवाय शस्त्र भरता येत नाही. घरात किंवा कमरेला असलेलं पिस्तूल मात्र पडू शकतं, लहान मुलाच्या हाती लागू शकतं. आणखी एक गोष्ट: जुन्या पिस्तुलाचा ट्रिगर फारच हलका लागत असेल, तर ती हॅमर धरून ठेवणारा भाग झिजल्याची खूणही असू शकते.

कायदा काय सांगतो?

धायरीसह पुणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत शस्त्र परवाना पोलीस आयुक्त देतात. शस्त्र कायदा, १९५९ नुसार शस्त्राची दुरुस्ती किंवा रूपांतर करण्यासाठीही परवाना लागतो. म्हणजे व्हिडिओ बघून घरीच सेफ्टी काढणं धोक्याचं तर आहेच, शिवाय कायद्यानेही अडचणीत आणणारं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजी गोळीबाराने इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग निवड कशी करायची?

- आधी प्रत्येक सेफ्टी कोणता अपघात टाळते ते बघा. पिन अडवणारी सेफ्टी पडण्याचा धोका टाळते, मॅगझिनची सेफ्टी माणसाची चूक.
- जुनं शस्त्र परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या. स्वच्छता आणि योग्य दुरुस्तीने सेफ्टी न काढताही ट्रिगर बराच सुधारतो.
- सेफ्टी कितीही असल्या तरी मॅगझिन काढून चेंबर डोळ्यांनी तपासा. नळी सुरक्षित दिशेला आणि बोट ट्रिगरबाहेर ठेवा.

करकरणाऱ्या ट्रिगरची सरावाने सवय होते. पडलेल्या पिस्तुलातून सुटलेली गोळी मात्र परत घेता येत नाही.