डायलिसिसवरील रुग्ण आणि प्रतिजैविकांचा निचरा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
औषधाची मात्रा ठरविताना ते शरीरात किती गेले याबरोबरच ते किती वेगाने बाहेर पडते, याचाही विचार करावा लागतो. अनेक प्रतिजैविके मूत्रपिंडांवाटे उत्सर्जित होतात. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर हे कार्य अंशतः डायलिसिस यंत्राकडे येते. या यंत्रामुळे मात्रेचे गणित कसे बदलत गेले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रारंभीचे आकलन :
१९४१ साली ऑक्सफर्ड येथे अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसावर पेनिसिलिनचा उपचार झाला. औषध इतके दुर्मीळ होते की, रुग्णाच्या मूत्रातून ते पुन्हा मिळवून टोचण्यात आले. साठा संपला आणि रुग्ण दगावला. परंतु निरोगी मूत्रपिंड पेनिसिलिन किती झपाट्याने बाहेर टाकते, हे त्यातून स्पष्ट झाले. मूत्रपिंडे बंद पडल्यास याउलट घडणार, हे ओघानेच आले.

१९४३ मध्ये नेदरलँड्समधील काम्पेन येथे विलेम कोल्फ यांनी सेलोफेनच्या नळ्या वापरून मानवी रुग्णावर डायलिसिस केले. १९५९ मध्ये कॅल्विन कुनिन व मॅक्सवेल फिनलंड यांनी तीव्र मूत्रपिंडनिकामी रुग्णांच्या रक्तात प्रतिजैविके किती काळ टिकतात, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्ट्रेप्टोमायसिन दीर्घकाळ साचून राहते, तर यकृतात रूपांतरित होणारे क्लोरॅम्फेनिकॉल फारसे साचत नाही, असा भेद त्यातून पुढे आला. स्ट्रेप्टोमायसिन साचल्यास श्रवणशक्तीला धोका पोहोचत असल्याने हा भेद महत्त्वाचा होता.

यंत्र आणि मात्रा :
१९६० मध्ये सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनच्या शंटचा वापर केल्यामुळे वारंवार डायलिसिस शक्य झाले. रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले. मात्र रक्तवाहिनीशी नित्य संबंध आल्याने जंतुसंसर्गही नित्याचा झाला.

डायलिसिसमध्ये औषध किती निघून जाईल, हे मुख्यतः त्याचा रेणुभार, प्रथिनांशी असलेली बद्धता, शरीरातील व्याप्ती आणि पटलाची छिद्रे यांवर अवलंबून असते. सुमारे ४७८ रेणुभाराचे जेंटामायसिन बऱ्याच प्रमाणात निघून जाते; म्हणून ते सामान्यतः डायलिसिसनंतर देतात. प्रथिनांना घट्ट चिकटणारे सेफ्ट्रिॲक्सोन मात्र फारसे निघत नाही.

व्हँकोमायसिनचे उदाहरण विशेष बोलके आहे. १९५८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या औषधाचा रेणुभार सुमारे १,४५० आहे. जुन्या सेल्युलोज पटलांतून ते जवळजवळ पार होत नसे. त्यामुळे आठवड्यातून एक मात्रा पुरेशी मानली जाई. पुढे मोठ्या छिद्रांची 'हाय-फ्लक्स' पटले प्रचारात आल्यावर तेच औषध लक्षणीय प्रमाणात निघून जाऊ लागले आणि साप्ताहिक मात्रा अपुरी ठरू लागली. औषध तेच होते, आजारही तोच होता. बदलले होते ते पटल.

निष्कर्ष :
औषधमात्रेचे कोष्टक हेही एक ऐतिहासिक साधन आहे. ते कोणत्या काळी, कोणत्या पटलासाठी आणि आठवड्यातील किती सत्रे गृहीत धरून तयार झाले, हे पाहिल्याशिवाय ते वापरता येत नाही. भारतात आर्थिक कारणांमुळे अनेक रुग्णांचे डायलिसिस आठवड्यातून दोनदाच होते, तर परदेशी कोष्टके बहुधा तीन सत्रांची असतात. दोन सत्रांमधील अंतर वाढले की साचण्याचे व निघण्याचे प्रमाणही बदलते. मात्रा कमी पडल्यास संसर्ग बळावतो, अधिक झाल्यास रुग्णास इजा पोहोचते. म्हणून जुन्या कोष्टकांची चिकित्सा ही केवळ इतिहासाची नव्हे, तर रुग्णाच्या सुरक्षिततेचीही गरज आहे.