त्वचा-फिलरचे दुष्परिणाम

चेहऱ्यावरील सुरकुत्या व खळगे भरून काढण्यासाठी किंवा ओठ, नाक, हनुवटी यांची ठेवण बदलण्यासाठी त्वचेत वा त्वचेखाली टोचल्या जाणाऱ्या पदार्थांना त्वचा-फिलर म्हणतात. यांचे बहुतेक दुष्परिणाम सौम्य व तात्पुरते असतात. मात्र पदार्थ रक्तवाहिनीत शिरल्यास त्वचा मृत होणे, अंधत्व किंवा पक्षाघात असे गंभीर परिणाम संभवतात. स्नायू शिथिल करणाऱ्या बोटॉक्सहून फिलर भिन्न आहेत.

इतिहास

इ.स. १८९९ च्या सुमारास व्हिएन्नातील रॉबर्ट गेर्सुनी यांनी पॅराफिनवर्गीय पदार्थ टोचण्याचा प्रयोग केला. पुढे अशा इंजेक्शनांमुळे कठीण गाठी होतात व पदार्थ मूळ जागेवरून सरकतो, असे दिसून आल्याने ही पद्धत मागे पडली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८१ मध्ये गाईपासून मिळवलेल्या कोलॅजनला आणि २००३ मध्ये हायलुरोनिक आम्लाच्या फिलरला मान्यता दिली.

प्रकार

हायलुरोनिक आम्लाचे फिलर सर्वाधिक वापरले जातात. ते कालांतराने शरीरात विरघळतात व हायलुरोनिडेज या विकराने लवकरही विरघळवता येतात. कॅल्शियम हायड्रॉक्सिअपेटाइट आणि पॉली-एल-लॅक्टिक आम्ल यांवर हा उतारा चालत नाही. पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट कायमस्वरूपी असल्याने त्याचे दुष्परिणामही दीर्घकाळ टिकू शकतात.

सामान्य दुष्परिणाम

* लालसरपणा, सूज, वेदना, खाज व काळेनिळे डाग. हे सहसा काही दिवसांत ओसरतात.
* गाठी, उंचवटे किंवा चेहऱ्याच्या दोन बाजूंतील विषमता.
* जेल फार वरच्या थरात टोचल्यास त्वचेखाली दिसणारी निळसर छटा (टिंडल परिणाम).
* ओठांवरील सुप्त नागिणीचा विषाणू पुन्हा सक्रिय होणे.
* सावळ्या त्वचेवर दाहानंतर राहणारे काळे डाग.

उशिरा उद्भवणारे दुष्परिणाम

काही आठवड्यांनी, महिन्यांनी वा वर्षांनीही लाल, दुखऱ्या गाठी येऊ शकतात. जंतूंचा चिवट थर (बायोफिल्म), ॲलर्जी किंवा परक्या पदार्थाभोवती तयार होणारा ग्रॅन्युलोमा ही त्यामागील कारणे आहेत.

रक्तवाहिनीतील अवरोध

फिलर धमनीत गेल्यास पुढील भागाचा रक्तपुरवठा थांबतो. टोचताना किंवा त्यानंतर तीव्र वेदना होणे, त्वचा पांढरी पडणे आणि जाळीदार जांभळट नक्षी उमटणे ही त्याची लक्षणे होत. सावळ्या त्वचेवर पांढरेपणा चटकन लक्षात येत नाही. उपचारास उशीर झाल्यास त्वचा काळी पडून मृत होते.

चेहऱ्याच्या धमन्या नेत्र धमनीशी जोडलेल्या असतात. टोचण्याच्या दाबाने पदार्थ प्रवाहाच्या उलट दिशेने तिच्यापर्यंत पोहोचल्यास दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तुटतो. सुमारे दीड तासात होणारी हानी सहसा भरून येत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दृष्टिदोषाची ९८ प्रकरणे नोंदवली होती. त्यांत भुवयांमधील भाग (३८.८ टक्के) व नाक (२५.५ टक्के) यांचे प्रमाण मोठे होते. स्वतःची चरबी टोचून घेतलेल्यांची संख्याही त्यात लक्षणीय होती. म्हणजेच केवळ पदार्थ 'नैसर्गिक' असल्याने धोका टळत नाही.

उपचार

अवरोधाची शंका येताच इंजेक्शन थांबवले जाते. हायलुरोनिक आम्लाच्या बाबतीत हायलुरोनिडेज तत्काळ व पुरेशा मात्रेत देतात. अचानक अंधुक दिसणे, डोळा दुखणे, पापणी लोंबणे, बोलण्यात अडखळणे किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणे ही आणीबाणीची लक्षणे असून रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे लागते. त्यामुळे मेहरूणसारख्या जळगावच्या उपनगरात किंवा धुळ्यात राहणाऱ्याने मुंबई-पुण्याला जाण्यात वेळ घालवण्याऐवजी प्रथम जवळचे सुसज्ज रुग्णालय गाठणे हिताचे ठरते. या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

सुरक्षितता व नियमन

भारतात वैद्यकीय उपकरणांचे नियमन 'वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७' नुसार होते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया' या उपक्रमात उपकरणांचे दुष्परिणाम कळवता येतात. महाराष्ट्रात ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे होते.

सुईविना दाबाने जेल सोडणाऱ्या 'हायलुरॉन पेन'विरुद्ध अमेरिकी प्रशासनाने २०२१ मध्ये इशारा दिला. टोचून घेण्यापूर्वी डॉक्टरांची पात्रता व नोंदणी, वेष्टनावरील नाव, बॅच क्रमांक व मुदत आणि तेथे हायलुरोनिडेज उपलब्ध आहे का, हे तपासणे आवश्यक मानले जाते. चेहऱ्यावर जंतुसंसर्ग असल्यास फिलर टाळतात, तर गर्भारपण व स्तनपानाच्या काळात सुरक्षितता सिद्ध झालेली नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगणे गरजेचे असते.