भरल्या कोठारातील उपासमार

सायबेरियातील याकुत्स्क येथे फ्योदोर शेर्गिन या व्यापारी कंपनीच्या कारभाऱ्याने १८२८ मध्ये पाण्यासाठी विहीर खणावयास घेतली. १८३७ पर्यंत ती ११६ मीटर खोल गेली. पाणी मात्र लागले नाही. तळापर्यंत जमीन गोठलेलीच होती. पुढे १८४०च्या दशकात अलेक्झांडर फॉन मिडेनडॉर्फ या निसर्गशास्त्रज्ञाने याच विहिरीत निरनिराळ्या खोलीवरील तापमान मोजले. पर्माफ्रॉस्टच्या, म्हणजेच चिरगोठित भूमीच्या, शास्त्रीय अभ्यासाचा पाया असा एका कोरड्या विहिरीत घातला गेला.

शेर्गिनचा प्रश्न पाण्याचा होता. विसाव्या शतकात प्रश्न अन्नाचा झाला. या मातीत हजारो वर्षांचे वनस्पतींचे अवशेष साठले आहेत. त्यांत नायट्रोजन आहे, फॉस्फरसही आहे. तरीही वरची झुडपे उपाशी का? कारण अवशेष कुजवणारे सूक्ष्मजीव थंडीत मंदावतात आणि मुळांच्या वाट्याला उन्हाळ्यात वितळणारा पातळ थरच येतो. कोठार भरलेले, पण त्याला कुलूप थंडीचे. १९९३ मध्ये अलास्कातील संशोधकांनी दाखवून दिले, की तेथील लव्हाळ्याच्या कुळातील एक वनस्पती मातीतील अमिनो आम्ले थेट शोषून घेते. सूक्ष्मजीवांनी ती कुजवून देण्याची वाट पाहत नाही.

हे कुलूप उघडले तर काय होईल? अलास्कातील टूलिक सरोवराकाठी १९८१ पासून टुंड्राच्या काही वाफ्यांना दरवर्षी नायट्रोजन व फॉस्फरसचे खत घातले गेले. ठेंगण्या भूर्जाची झुडपे, आपल्या हिमालयातील भूर्जवृक्षाची ही सगोत्रे, फोफावली. हिरवाई वाढली, तेव्हा कार्बनही अधिक साठेल, असे कोणासही वाटावे. २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेला वीस वर्षांचा हिशेब मात्र उलटा निघाला. झुडपांनी जमवले त्याहून अधिक कार्बन खोल मातीने गमावला होता. निव्वळ तूट होती दर चौरस मीटरला सुमारे दोन किलो.

उत्तरेकडील चिरगोठित भूमीत वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट कार्बन आहे. म्हणूनच हा हिशेब केवळ अलास्काचा नाही. स्वालबार्डवरील न्यू-ऑलेसुंद येथे, अशाच गोठलेल्या भूमीवर, २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र उभे आहे. त्याचा कारभार गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. लडाखच्या उंच पठारांखालीही चिरगोठित जमीन आहे. वितळणाऱ्या भूमीवर उद्या हिरवे कोंब दिसतील, तेव्हा आनंद मानण्यापूर्वी त्यांच्या मुळांखालची माती तपासली पाहिजे, हीच टूलिकच्या वाफ्यांची शिकवण आहे.