आहेस, पण कामाचा आहेस का?

गेल्या मे महिन्यात एका शनिवारी रात्री आमच्या ऑफिसातले चाळीस सर्व्हर विजेच्या कामासाठी बंद ठेवले होते. पहाटे दोनला ते पुन्हा सुरू करायची ड्युटी माझी. क्रम ठरलेला असतो. आधी नेटवर्कचे स्विच, मग स्टोरेज, मग मुख्य नोड आणि शेवटी बाकीचे, तेही टप्प्याटप्प्यानं. सगळे एकदम सुरू केले तर पहिल्या क्षणी इतका करंट खेचला जातो की ब्रेकर पडतो. मी क्रम पाळला. तीन वाजता स्क्रीनवर चाळीस हिरवे ठिपके दिसले, मी घरी जाऊन झोपलो.

सहाला फोन आला. एकही काम पुढे सरकत नव्हतं.

कारण अगदी साधं निघालं. आमचा हेल्थ चेक प्रत्येक सर्व्हरला एवढंच विचारत होता, "आहेस का?" चाळीसही जण प्रामाणिकपणे म्हणत होते, "आहे." स्टोरेजपर्यंत तुझा हात पोहोचतोय का, हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि तो हेल्थ चेक मीच लिहिला होता.

त्यानंतर बरेच दिवस मी एकच गोष्ट शोधत होतो. यंत्राची तब्येत विचारायला माणूस शिकला कसा?

सुरुवात एकट्या यंत्रापासून होते. १९४६ साली जगासमोर आलेल्या एनिअ‍ॅकमध्ये सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्या जास्त करून उडायच्या त्या तापताना आणि थंड होताना, म्हणजे यंत्र चालू-बंद करताना. म्हणून ते शक्यतो बंदच करायचे नाहीत. आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक सुरू झाला, तोही ट्यूबवरच चालणारा. अशा यंत्राची तपासणी म्हणजे मेलेली ट्यूब शोधायची आणि बदलायची. एक ट्यूब गेली तरी काम थांबू शकतं, त्यामुळे यंत्र आजारी आहे हे लपत नसे.

दुखणं लपायला लागलं ते यंत्रांचा घोळका झाल्यावर. आणि इथे गोष्ट पुण्यात येते.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी भारताला महासंगणक हवा होता. अमेरिका निर्यातीवर बंधनं घालून बसली होती. हवामानाच्या कामासाठी क्रे कंपनीचं एक यंत्र दिल्लीत आलं, पण अटींसह. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. प्रमुख होते विजय भटकर, अकोला जिल्ह्यातले. तीन वर्षांत आपला महासंगणक बनवायचा, हे उद्दिष्ट होतं. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला.

क्रेसारखा एक बलाढ्य प्रोसेसर बनवणं आपल्या आवाक्यात नव्हतं. म्हणून त्यांनी लहान प्रोसेसर एकमेकांना जोडले. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचा टी-८०० ट्रान्सप्युटर घेतला. या चिपची खुबी म्हणजे तिला चार तारा होत्या, चार शेजाऱ्यांशी बोलायला. सगळ्यांची मिळून एक मेमरी नाही. दुसऱ्याकडची गोष्ट हवी असेल तर निरोप पाठवायचा.

मला यातला सर्वांत आवडलेला भाग सुरू करण्याचा आहे. ट्रान्सप्युटरला स्वतःची डिस्क किंवा रॉम नसली तरी चालायचं. तो शेजाऱ्याच्या तारेवरून प्रोग्रॅम येण्याची वाट बघत बसायचा. पहिल्याला बाहेरून जागं करायचं, त्यानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. या चिपसाठी असे छोटे प्रोग्रॅम लिहिले गेले, जे एका चिपवरून पुढच्या चिपवर सरकत जायचे आणि कोण कुणाला जोडलाय, कुठली तार बोलत नाही, याचा नकाशा परत आणायचे. म्हणजे जागं करणं आणि तब्येत विचारणं हे एकच काम होतं. शेजाऱ्याशी बोलता येत नसेल तर तुम्ही जागे झालातच नाही! माझ्या चाळीस हिरव्या ठिपक्यांना नेमकी हीच परीक्षा द्यावी लागली नव्हती.

पुढे चिप स्वस्त झाल्या आणि अख्खे कॉम्प्युटरच जोडायची कल्पना आली. १९९४ मध्ये नासाच्या गॉडर्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी साध्या ४८६ प्रोसेसरची १६ यंत्रं लिनक्सवर जोडून बेओवुल्फ क्लस्टर बनवला. १९९८ चा परम १०००० हाही सर्व्हर जोडून केलेलाच. २००७ मध्ये पुण्यातल्याच टाटांच्या सीआरएलचा एका हा महासंगणक जगाच्या यादीत चौथा आला. त्यात सुमारे १,८०० नोड होते.

आता एक गणित करा. समजा, एक सर्व्हर सरासरी पाच वर्षांतून एकदाच बिघडतो. पाच वर्षं म्हणजे सुमारे १,८०० दिवस. तर १,८०० सर्व्हर असतील तेव्हा रोज सरासरी एक बिघडणार. काहीही न चुकता, रोज. इथे विचार बदलावा लागतो. बिघाड ही घटना राहत नाही, तो रोजचाच होतो. म्हणून प्रत्येक नोड ठरावीक सेकंदांनी ठोका पाठवतो. काही ठोके चुकले की त्याला बाजूला काढतात आणि त्याचं काम दुसऱ्याला देतात. मधली तार तुटून दोन गट पडले, तर ज्या गटात बहुमत आहे त्यानंच पुढे चालायचं, नाहीतर दोघेही स्वतःला मालक समजून डेटा खराब करतात.

महासंगणकांची ती जागतिक यादी ज्या लिनपॅक चाचणीवर ठरते, तीसुद्धा एका अर्थी हेल्थ चेकच आहे. समीकरणांचा एक प्रचंड संच सगळ्या नोडना मिळून सोडवायला देतात आणि शेवटी उत्तर बरोबर आहे का, तेही तपासतात. नुसतं "आहे" म्हणून तिथे भागत नाही.

हे सगळं सावद्याच्या पोराला का महत्त्वाचं वाटावं?

कारण आमच्याकडे मे-जूनमध्ये वादळ येतं आणि निसवलेली केळी घडासकट आडवी होते. महिनोन्महिने सांभाळलेला पैसा अर्ध्या तासात जमिनीवर. पुण्यात पाषाणला आयआयटीएम ही हवामानाची संस्था आहे. तिथे २०१८ मध्ये प्रत्यूष आणि २०२४ मध्ये अर्क हा महासंगणक आला. मे २०२५ मध्ये भारताचा अंदाज १२ किलोमीटरच्या चौकोनावरून ६ किलोमीटरच्या चौकोनावर आला. सावदा आणि फैजपूर यांचं आभाळ वेगळं मोजता येण्याच्या दिशेनं हे पाऊल आहे. पण अंदाजाला वेळ असते. उद्याचं वादळ परवा कळून उपयोग नाही. गणित चालू असताना नोड गेला तर सगळं पहिल्यापासून करायला सवड नसते, म्हणून मध्ये मध्ये स्थिती साठवून ठेवतात आणि तिथूनच पुढे चालू करतात. उद्घाटनाचा फोटो एका दिवसाचा. ठोके मोजणारं कुणीतरी मात्र रोज रात्री जागं लागतं.

जूनमध्ये घरी गेलो तेव्हा वादळ होऊन चार दिवस झाले होते. मला बाग बरीच उभी दिसली. मी म्हणालो, "बाबा, वाचली की बरीच!" ते काही बोलले नाहीत. एकेका खोडाला हात लावून हळूच हलवत पुढे गेले. काही झाडं उभी होती, पण मुळं सुटली होती. घडाचं वजन वाढलं की ती पडणार. त्यांना त्यांनी त्याच दिवशी बांबूचा टेकू दिला.

पुण्यात परत आल्यावर मी तो हेल्थ चेक पुन्हा लिहिला. आता प्रत्येक सर्व्हरला स्टोरेजवर एक छोटी फाइल लिहून परत वाचावी लागते आणि शेजाऱ्याशी बोलून दाखवावं लागतं. मगच ठिपका हिरवा होतो. त्यामुळे सगळं सुरू व्हायला अकरा मिनिटं जास्त लागतात. मॅनेजरनं विचारलं, एवढा वेळ कशाला? मी त्याला केळीच्या खोडाचं सांगितलं.